माशाला सोयापेंड खुशाल घाला, पण तेवढ्यानं समुद्र वाचणार नाही

तळ्यात किंवा धरणातल्या पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांना सोयापेंड, मका, भाताचा कोंडा असलं खाद्य घालतात असं कुणी सांगितलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं, मासा मासे खाऊन वाढतो, त्याला पेंड घालून वाढवला तर तो मासा कसला, चव नाही, कस नाही, वर सोयाबीनवर मारलेली औषधं आपल्या पोटात. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, हेच खरं भविष्य, माशाला मासे खायला घालणं बंद झालं की समुद्र आपोआप सावरेल. दोन्हीकडचे लोक मनापासून बोलतात हे मला मान्य आहे, पण दोघंही माशाच्या तोंडात काय जातंय तेवढंच बघतात, बंदरावर काय उतरतंय आणि तिथून ते कुठे जातंय तिकडे कुणाचं लक्षच नाही. माझं मत सरळ सांगतो. मत्स्यशेतीत वनस्पतीजन्य खाद्य हवंच, जमेल तितकं जास्त हवं. पण त्याने समुद्रातली बारीक मासळी वाचेल असं जे गृहीत धरलं जातंय ते चूक आहे. ते काम खाद्याच्या गोणीवर सोडलं तर कधीच होणार नाही, त्याला बंदरावर आणि फिशमीलच्या, म्हणजे मासळी सुकवून दळलेल्या भुकटीच्या, कारखान्याच्या दारात कायदा लागतो.

आधी पहिल्या पार्टीचं घेऊ. मासा मासे खातो हे सगळ्या माशांबद्दल खरं आहे का? आपल्या देशात तळ्यात जे मासे सगळ्यात जास्त वाढवले जातात ते रोहू, कटला आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरातलं शेवाळ आणि कुजलेली पानं, मृगळ तळाचा गाळ चिवडतो. यातला कुणीही दुसऱ्या माशाची शिकार करून जगत नाही. आंध्रात कोल्लेरूच्या परिसरात हजारो एकरांवर तळी आहेत, पुण्या-मुंबईच्या बाजारात बर्फात येणारा रोहू-कटला बराचसा तिकडचाच, आणि तिथे गेली कित्येक दशकं तेल काढलेला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड भोकं पाडलेल्या पोत्यात भरून ती पोती पाण्यात टांगतात, मासे येऊन भोकातून खातात. म्हणजे ज्याला आपण आज नवीन प्रयोग म्हणून नावं ठेवतोय तो प्रयोग आपण आपल्या आईवडलांच्या काळापासून खातोय. आपल्या भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांमध्ये, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावांमध्ये, तर पेंडही पडत नाही, ढीवर लोक बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडतात आणि तलावात जे उगवतं त्यावर मासा वाढतो, तोही शाकाहाराच्याच जवळचा. उजनीची चिलापी घ्या, तिचं मुख्य खाणं शेवाळ. तिला सोया-मक्याचं खाद्य घातलं तर कुठला निसर्गनियम मोडला?

पण या पार्टीचा खरा मुद्दा इथे संपत नाही, आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. काही मासे खरोखरच मांसाहारी असतात. रायगडातला जिताडा हा पक्का शिकारी मासा, पेण-अलिबागकडच्या तळ्यांत तो छोटे मासे आणि कोळंबी खाऊनच मोठा होतो. नॉर्वेचा सॅल्मन तसाच. अशा माशांना साधी सोयापेंड जास्त प्रमाणात घातली तर त्रास होतो, हे अंदाजपंचे नाहीये. सॅल्मनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सोयापेंडीने सूज येते हे नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकातच दाखवलंय. सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारी द्रव्यं असतात, मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, आणि त्यातला बराचसा फॉस्फरस अशा रूपात असतो की माशाला तो पचवता येत नाही, तो विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळ्यात नको तितकं शेवाळ माजतं. म्हणजे "मासा काहीही खाईल" असं म्हणणारे चुकतात, पहिली पार्टी इथे बरोबर आहे.

मग यावर पुढे काय झालं तेही बघायला हवं ना? १९९० च्या सुमाराला नॉर्वेच्या सॅल्मनच्या खाद्यात जवळपास ९० टक्के भाग समुद्रातून आलेला होता, म्हणजे फिशमील आणि माशाचं तेल. पुढच्या पंचवीस वर्षांत तो ३० टक्क्यांच्या खाली आला. हे पेंड तशीच कोंबून झालं नाही. सोयातला साखरेचा आणि त्रासदायक भाग काढून टाकून नुसतं प्रथिन घट्ट केलं, उष्णता देऊन पचन अडवणारी द्रव्यं निकामी केली, फायटेझ नावाचं एन्झाइम घालून फॉस्फरस मोकळा केला, जी अमिनो आम्लं कमी पडतात ती वेगळी मिसळली. शेवटी माशाच्या शरीराला लागतात ती प्रथिनं, तेलं, क्षार आणि जीवनसत्त्वं, ती तारलीतून आली की सोयाबीनमधून हे त्याच्या पेशींना कळत नाही, फक्त ती पचणाऱ्या रूपात आणि योग्य मापात यायला हवीत. कोळंबीचंही तेच. आपल्याकडे २००९ पासून वन्नामी कोळंबी आली, तिला जुन्या टायगर कोळंबीपेक्षा प्रथिनं कमी लागतात, त्यामुळे तिच्या खाद्यात सोयापेंडीला जास्त जागा झाली, आणि चेन्नईच्या सीबा या केंद्रीय संस्थेने देशी घटक वापरून वन्नामी प्लस नावाचं स्वस्त खाद्यही काढलंय.

"निसर्गाविरुद्ध गेलो तर काय होतं ते ब्रिटनने पाहिलंय," असं बरेच जण मॅड काऊचं उदाहरण देऊन सांगतात. उदाहरण जोरदार आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ. १९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंचा तो रोग ओळखला गेला, आणि कारण निघालं ते हे की गवत खाणाऱ्या जनावराला मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी खायला घातली होती. पण रोग पसरला तो त्या भुकटीतून एका जनावराचं दूषित प्रथिन पुन्हा त्याच जातीच्या जनावरात फिरत राहिलं म्हणून. आता हा धडा माशांना लावा. माशाच्या खाद्यात प्राण्यांचे अवशेष कमी करून वनस्पती वाढवणं हे त्या धोक्यापासून लांब जाणं झालं की जवळ जाणं? ज्याला मॅड काऊची खरी भीती वाटते त्याने तर सोयापेंडीच्या बाजूने उभं राहायला पाहिजे.

राहिला ओमेगा-३ चा मुद्दा, आणि हा मला पहिल्या पार्टीचा सगळ्यात मजबूत मुद्दा वाटतो. माशाच्या तेलाऐवजी मोहरीच्या जातीचं किंवा सोयाचं तेल वापरलं की माशाच्या चरबीतलं ओमेगा-३ कमी होतं. स्कॉटलंडच्या पाळीव सॅल्मनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ते जवळपास निम्म्यावर आलं. ज्या कारणासाठी डॉक्टर मासे खा म्हणतात तेच कारण अर्धं झालं तर ग्राहकाने तक्रार का करू नये? करावीच. पण हे ओमेगा-३ मासा स्वतः फारसं बनवत नाही, समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ते बनवतं, ते शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना तारली खाते आणि असं ते वर चढत जातं. मग मधल्या सगळ्यांना बाजूला ठेवून थेट शेवाळातूनच ते तेल काढलं तर? टाक्यांमध्ये शेवाळासारखे सूक्ष्मजीव वाढवून ईपीए-डीएचए, म्हणजे माशात मिळणारी ओमेगा-३ आम्लं, असलेलं तेल काढणारा मोठा कारखाना २०१९ पासून अमेरिकेत नेब्रास्कामध्ये सुरू आहे आणि ते सॅल्मनच्या खाद्यात जातंय. महाग आहे, मान्य. पण वाट बंद नाहीये. शिवाय मासा विकायच्या आधी काही आठवडे त्याला माशाच्या तेलाचं खाद्य दिलं तर चरबी बरीच सुधारते, म्हणजे आयुष्यभर तेल घालायची गरजही नाही. आणि आपल्या सामान्य माणसाला ओमेगा-३ साठी सॅल्मनची गरजच काय? तारली आणि बांगडा आहेत की. फक्त ते त्याच्या ताटापर्यंत पोचले पाहिजेत.

आणि इथूनच मी दुसऱ्या पार्टीकडे वळतो, कारण ते पोचत नाहीयेत.

या लोकांचं गणित असं आहे, की एक किलो फिशमील करायला साधारण साडेचार किलो ताजी मासळी लागते, तेव्हा खाद्यातलं एक किलो फिशमील काढून पेंड घातली की साडेचार किलो मासळी समुद्रात राहिली. कागदावर गणित बिनचूक आहे. पण तसं घडलंय का? जगात मत्स्यशेतीचं उत्पादन १९९० च्या सुमाराला दीड कोटी टनांच्या आत होतं, २०२२ मध्ये ते ९ कोटी ४४ लाख टन झालं आणि पहिल्यांदाच पकडलेल्या मासळीच्या पुढे गेलं. या सगळ्या काळात वनस्पतीजन्य खाद्याचा वाटा सारखा वाढत गेला. आणि फिशमीलचं उत्पादन? बरीच वर्षं ते ५० लाख टनांच्या आसपासच रेंगाळतंय. म्हणजे पेंडीमुळे जे फिशमील सुटलं ते समुद्रात परत गेलं नाही, ते जास्त माशांमध्ये, जास्त कोळंबीमध्ये पातळ वाटलं गेलं. पेंड नसती तर एवढी मत्स्यशेती फिशमीलवर उभी राहिलीच नसती किंवा समुद्र पार खरवडून निघाला असता हे मला मान्य आहे, ते पेंडीचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये. पण दाब आणखी वाढला नाही आणि दाब कमी झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत नेहमी दुसरी सांगितली जाते.

हा प्रयोग जगाने एकदा करूनही झालाय. पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाची बारीक मासळी मिळते, १९७० साली तिची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली होती, एकाच जातीची, एका देशात. त्या काळी तिचं फिशमील मुख्यतः कोंबड्या आणि डुकरांना जायचं. मग १९७२ चा एल निनो आला, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी तापलं, त्यात आधीची बेसुमार मासेमारी, आणि १९७३ पर्यंत पकड २० लाख टनांच्या आसपास घसरली. फिशमील नाही म्हटल्यावर सगळे सोयापेंडीकडे धावले, आणि पुढच्या काही दशकांत कोंबड्यांच्या खाद्यातून फिशमील बरंचसं गेलं. वनस्पतीने प्राणिज खाद्याची जागा घेण्याचं याहून मोठं उदाहरण सापडायचं नाही. मग मासळी पुन्हा वाढली तेव्हा काय झालं, तिला सोडून दिलं? तिला नवं गिऱ्हाईक मिळालं, मत्स्यशेती. आज जगातलं ८० टक्क्यांहून जास्त फिशमील मासे आणि कोळंबीलाच जातं. एक गिऱ्हाईक उठून गेलं, दुसरं येऊन बसलं, होड्या तितक्याच गेल्या. आता पेरूमध्ये जे थोडंफार नियंत्रण आहे ते तिथे सरकार शास्त्रज्ञांच्या पाहणीवरून कोटा ठरवतं म्हणून आहे, २०२३ मध्ये पाण्यात पिल्लांचं प्रमाण फार जास्त आहे असं दिसलं तेव्हा वर्षातला पहिला हंगामच रद्द केला गेला. ते सोयाबीनने केलं नाही, एका सरकारी आदेशाने केलं, आणि त्या आदेशाने हजारो लोकांची मजुरी बुडाली हेही खरं आहे.

देवमाशांचा इतिहास तर याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात दिव्यासाठी देवमाशाचं तेल जाळायचे, मग १८५९ नंतर अमेरिकेत खनिज तेल निघालं, रॉकेल स्वस्त झालं आणि आजही लोक सांगतात की रॉकेलने देवमासे वाचवले. खरं काय झालं? दिव्याची मागणी गेली, पण इंजिनाच्या बोटी आणि स्फोटक भाले आले, तेलाचं साबण आणि मार्गारीन व्हायला लागलं, आणि विसाव्या शतकात जवळपास २९ लाख देवमासे मारले गेले, आधीच्या कुठल्याही शतकापेक्षा जास्त. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने बंदीचा ठराव केला, १९८६ पासून तो लागू झाला, तेव्हा कुठे धंद्यासाठी मारणं जवळपास थांबलं. पर्याय सव्वाशे वर्षं हाताशी होता, फरक पडला तो बंदीने. मग तारलीच्या बाबतीत पर्याय आला की काम झालं असं आपण कशाच्या जोरावर समजतोय?

आपल्या किनाऱ्याचं बघा. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या पट्ट्यात फिशमीलचे कारखाने आहेत, त्यात तारली जाते आणि ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीक मिसळ मासळी जाते, ज्यात पापलेट, वाकटी, ढोमा यांची पिल्लंही असतात. केरळात २०१२ साली तारली ४ लाख टनांच्या घरात मिळाली होती, २०२१ मध्ये ती ३,२९७ टन मिळाली. हा एकट्या फिशमीलचा दोष नाही, समुद्राचं तापमान, एल निनो, पाऊस याने तारली वर-खाली होतेच, कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तेच सांगितलंय आणि ते डोळ्याआड करून कारखान्यांवर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण ज्या वर्षी मासळी मुळातच कमी असते त्याच वर्षी पिल्लांना दिलेला किलोमागचा भाव जास्त नुकसान करतो, हे तर समजण्यासारखं आहे ना?

ट्रॉलरवाल्यांचा सवाल इथे ऐकायलाच हवा, कारण तो खोटा नाही. ते म्हणतात, बारीक मासळी जाळ्यात येतेच, ती मेलेलीच असते, समुद्रात फेकून देण्यापेक्षा चार पैसे मिळाले तर डिझेलचा खर्च तरी निघतो. आणि तारलीचा एकदम मोठा घोळका लागला की बाजारात तेवढी खपत नाही, बर्फ पुरत नाही, कारखान्याने घेतली नाही तर सडते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण जे आधी नाइलाजाने यायचं त्याला भाव आला की ते टाळायचं कारणच उरत नाही. जाळ्याचा आसा, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक होतो, पिल्लं जिथे वाढतात त्या उथळ पाण्यात जाळं फिरतं. एक पापलेट मोठं झालं असतं तर शेकडो रुपयांना गेलं असतं, ते बोटाएवढं असताना वजनावर काही रुपयांत जातं, आणि नुकसान होतं ते पुढच्या वर्षी छोट्या होडीवर जाणाऱ्या माणसाचं, ज्याने ते पिल्लू पकडलंच नव्हतं. पश्चिम आफ्रिकेत, गांबिया-सेनेगल-मॉरिटानियात, हेच जास्त क्रूर रूपात चाललंय, तिथल्या गरिबांची रोजची मासळी फिशमील होऊन परदेशातल्या मत्स्यशेतीला जाते आणि तिथल्याच बायांना सुकवायला मासळी मिळत नाही. आपल्या वेंगुर्ल्याच्या नाहीतर डहाणूच्या कोळणीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता सोयाबीनबद्दल, कारण दुसरी पार्टी पेंडीला बिनदोष समजते आणि ती तशी नाहीये. १९७३ मध्ये फिशमीलचा तुटवडा पडल्यावर सोयाचे भाव इतके भडकले की जूनमध्ये अमेरिकेने निर्यातीवर बंदीच घातली, जपान घाबरला, आणि पुढे जपानच्या पैशाने आणि तंत्रज्ञानाने ब्राझीलच्या सेराडो नावाच्या झाडी-गवताच्या भागात सोयाची शेती उभी राहिली. आज त्या सेराडोचा फार मोठा भाग नांगराखाली गेलाय, आणि अॅमेझॉनचं जंगल तोडून पिकवलेला सोया घ्यायचा नाही असा करार २००६ मध्ये व्यापाऱ्यांना करावा लागला. समुद्राचं ओझं जंगलावर ठेवून आपण हलके झालो असं म्हणता येत नाही. पण हा आक्षेप नॉर्वेला जेवढा लागू आहे तेवढा आपल्याला नाही, हे आपल्याकडचे टीकाकार विसरतात. आपलं सोयाबीन मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, माळव्याच्या आधीपासून कसल्या जाणाऱ्या कोरडवाहू रानात पिकतं, जीएम म्हणजे जनुकं बदललेलं नाही, आणि तेल काढल्यावर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जी पेंड उरते तिला गिऱ्हाईक पाहिजेच आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या शेतकऱ्याला बाजारात त्याहून बरंच कमी मिळालं, एक कारण असं की इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा स्वस्तात मिळायला लागला आणि पोल्ट्रीवाल्यांनी पेंड कमी केली. अशा वेळी मासे आणि कोळंबीचं खाद्य हा पेंडीला चांगला बाजार आहे.

फक्त शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं तेव्हा पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली गेली, आणि नवीन माल यायच्या तोंडावर भाव कोसळले. उद्या मत्स्यखाद्याचे कारखाने मोठे झाले की तेही हीच मागणी करतील, वर पर्यावरणाचं नाव घेऊन करतील. "मासे वाचवायला स्वस्त पेंड पाहिजे" हे वाक्य ज्या दिवशी ऐकू येईल त्या दिवशी ते कोण म्हणतंय आणि पेंड कुठून येतेय ते विचारायची तयारी आत्तापासून हवी.

मग करायचं काय? फिशमील पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, कोळंबीच्या आणि जिताड्याच्या पिल्लांना ते थोडं लागतं आणि लागेल. जगातल्या फिशमीलचा साधारण एक तृतीयांश भाग आजच डोकी, काटे, आतडी अशा टाकाऊ मालापासून होतो. आपल्या प्रक्रिया कारखान्यांत आणि मासळी बाजारांत हा माल रोज ढिगाने निघतो, बऱ्याच ठिकाणी नुसता कचऱ्यात जातो, आधी तो वापरा. माणसाच्या ताटात जाऊ शकते ती मासळी खाद्यात शेवटी. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवलं, ५४ जातींसाठी पकडायचा कमीत कमी आकार ठरवला, तो नियम चांगला आहे, पण तो होडीवर राबवणं जवळपास अशक्य आहे, हजारो होड्या, शेकडो उतरण्याच्या जागा आणि मोजके अधिकारी. कारखाने मात्र मोजके आहेत, प्रत्येकाला एक दार आहे, एक वजनकाटा आहे. त्या काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीतून मूठभर मासळीचा नमुना काढा, जात आणि आकार लिहा, ठरलेल्या मापापेक्षा लहान पिल्लं जास्त निघाली तर गाडी परत आणि दंड होडीच्या आधी कारखान्याला, आणि ती नोंद दर महिन्याला लोकांना बघता येईल अशी ठेवा. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई ही मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, मासळीची जात ओळखणारी पोरं तिथून दरवर्षी बाहेर पडतात आणि नोकरी शोधत फिरतात, त्यांना या काट्यांवर बसवा.